मिरजेचा मापाने शिवलेला प्रेशर ग्लोव्ह आणि सिलिकॉन शीट, भाजलेल्या हातावर नऊ महिने वापरून

ज्यांच्या घरात कुणाचं स्किन ग्राफ्टिंग, म्हणजे जखमेवर अंगाचीच दुसरीकडची कातडी लावायचं ऑपरेशन, झालंय किंवा होणार आहे त्यांच्यासाठी लिहितेय. लांबलचक होणार आहे, पण मला गरज होती तेव्हा मराठीत असं सविस्तर काही सापडलं नव्हतं म्हणून सगळंच लिहिते.

आधी थोडक्यात काय झालं ते. माझा फराळाचा घरगुती व्यवसाय आहे, जयसिंगपूरला. मागच्या दिवाळीच्या ऑर्डरी चालू होत्या, चकलीची कढई खाली उतरवताना कान सटकला आणि तेल उजव्या हातावर आलं, तळहाताची मागची बाजू, बोटं आणि मनगटाच्या वर चार बोटं. घरात सगळ्यांची पळापळ, कुणी टूथपेस्ट आणली कुणी हळद, आणि मी नको नको म्हणेपर्यंत पेस्ट फासून झालेली. दवाखान्यात ती पेस्ट काढताना जे झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. तेव्हा हे पहिलं ऐका, भाजलं की नळाचं साधं गार पाणी, २० मिनिटं, घड्याळ लावून. बर्फ नको, पेस्ट नको, हळद नको, शाई नको. अंगठ्या बांगड्या मात्र लगेच काढा, नंतर सूज चढली की कापाव्या लागतात, माझ्या दोन पाटल्या कापल्या.

बाराव्या दिवशी ऑपरेशन झालं, मिरजेलाच. मेलेली कातडी काढून मांडीची पातळ साल तिथे लावली. ऑपरेशन योजनेत बसलं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती डिस्चार्जच्या कागदाची. त्यावर गोळ्यांची नावं, ड्रेसिंगच्या तारखा, आणि खाली एक ओळ, "प्रेशर गारमेंट वापरावे". बस. प्रेशर गारमेंट म्हणजे व्रणावर सतत दाब ठेवणारा घट्ट कपडा, हातासाठी ग्लोव्ह, हे मला नंतर कळलं. कुठलं, कुठे मिळतं, कसं मापायचं, किती महिने, काही नाही. डॉक्टरांनी हात छान केला, खरंच छान केला, पण पुढचं वर्षभर घरात आपणच असतो ना, तिथे कुणीतरी बसून पंधरा मिनिटं सांगायला पाहिजे होतं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही कारण बाकी ठिकाणीही असंच असतं असं नंतर भेटलेल्या चारपाच जणींनी सांगितलं.

म्हणून ग्लोव्हच्या रिव्ह्यूआधी जखम भरण्याबद्दल जे मला हळूहळू कळत गेलं ते सांगते, त्याशिवाय ग्लोव्ह कशासाठी हे कळणार नाही.

लावलेली कातडी म्हणजे आंब्याचं कलमच. पहिले दोन दिवस तिला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, खालच्या ओलाव्यावर तग धरते, मग खालच्या बारीक रक्तवाहिन्या तिच्यातल्या वाहिन्यांना जाऊन मिळतात आणि पाचव्या दिवसाच्या आसपास रक्त नीट खेळायला लागतं. तेवढ्यात हात हलला किंवा खाली रक्त साचलं की कातडी उचलली जाते आणि मग ती धरत नाही. त्यासाठी प्लास्टरची पट्टी घालून हात एकदम गप्प ठेवतात आणि उशीवर उंच ठेवायला लावतात. पाचव्या दिवशी पहिलं ड्रेसिंग उघडलं तेव्हा सिस्टर थेंब थेंब सलाईन सोडत पाऊण तास एकेक पदर सोडवत होत्या. मी तोंड फिरवून बसलेले. मग डॉक्टर म्हणाले, "सगळं धरलंय, करंगळीच्या कोपऱ्यात एवढंसं गेलंय, ते आपोआप भरेल." बघितलं तर जांभळट गुलाबी, जाळीजाळीची, ओली चकाकणारी कातडी. ती जाळी मुद्दाम करतात, छोटा तुकडा ताणून मोठी जागा झाकता येते आणि खालचं पाणी भोकांतून बाहेर पडतं. हाताच्या पंजाला शक्यतो अखंड तुकडा लावतात, माझ्याही पंजाला अखंड आणि वरच्या भागाला जाळीचा होता. आजही दोन्हीतला फरक दिसतो, जाळीचं नक्षीकाम वरच्या भागावर तसंच आहे.

आणि मांडी! हाताचं सगळे विचारतात, मांडीचं कुणी विचारत नाही. पहिले आठ दिवस हातापेक्षा मांडी जास्त दुखली. कारण तिथली फक्त वरची साल काढलेली असते, नसांची टोकं उघडी पडतात, पंख्याचा वारा लागला तरी झोंबायचं. तिथलं ड्रेसिंग १० ते १४ दिवस उघडायचंच नाही, ते वाळतं, कडा सुटायला लागतात, तेवढ्याच कात्रीने कापायच्या, ओढायचं नाही. खाली केसांच्या मुळांतून आणि घामाच्या ग्रंथींमधून नवी साल येत असते, ओढलंत तर तीही निघून येते. माझ्या शेजारच्या कॉटवरच्या मावशींनी घाई केली आणि परत रक्त आलं. घरी गेल्यावर परकर चिकटायचा, तर सैल गाऊन आणि वर जुन्या मऊ धोतराचा कपडा, हा सासूबाईंचा उपाय आणि तो एकदम लागू पडला.

इथे एक सांगायचंय. वॉर्डातल्या सिस्टरांनी मला सांगितलं की मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये या मांडीच्या जखमेवर केळीच्या पानाचं ड्रेसिंग वापरून अभ्यास झालेला आहे, २००३ साली तो छापूनही आला. पान चिकटत नाही, सोलताना दुखत नाही, आणि स्वस्त. त्याच्याही आधी, १९८५ साली, मुंबईतूनच उकडलेल्या बटाट्याच्या सालीच्या ड्रेसिंगवर पेपर छापून आला होता. मला फार अभिमान वाटला वाचून, पैसे नसलेल्या पेशंटसाठी आपल्याच लोकांनी शोधून काढलं. पण नीट वाचा, ती पानं निर्जंतुक करून वापरतात, परसातलं पान तोडून बांधायचं नाही. आणि त्याहून जुनी गोष्ट पुण्याची. नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला कपाळाच्या कातडीचं नवं नाक करून दिलं ते पुण्याजवळच्या एका देशी वैद्याने, ती हकीकत १७९४ साली लंडनच्या जेंटलमन्स मॅगझीनमध्ये छापून आली आणि ती वाचून तिकडच्या डॉक्टरांनी हे शिकायला घेतलं. आपल्याकडे प्लास्टिक सर्जरी म्हटलं की लोकांना फक्त सिनेमावाल्यांची नाकं आठवतात, मला तर आठ जणांनी विचारलं की प्लास्टिक बसवलं का हातात. नाही हो, माझीच कातडी आहे.

जेवणाचं पण सांगते, कारण यावरून घरात भांडण झालं. वांगं नको, डाळ नको, बटाटा नको, आंबट अजिबात नको, पू धरतो म्हणून. पंधरा दिवस मला मुगाचं पाणी आणि मऊ भात. मग ड्रेसिंगला गेले तर डॉक्टरीणबाई चिडल्याच, म्हणाल्या नवी कातडी कशाची बनवू, भाताची? जखम भरायला प्रथिनं लागतात आणि कोलॅजन नावाचा धागा विणायला क जीवनसत्त्व लागतं, म्हणजे जे आंबट बंद केलं तेच हवं होतं, लिंबू, आवळा, पेरू. तेव्हापासून रोज दोन अंडी, मोड आलेली मटकी, डाळ, दूध, आणि आवळा. सासूबाई अंडं घरात शिजवू देत नव्हत्या, त्यांनीच मग स्वतः उकडून दिलं, त्यांचे मी पाय धरीन. शुगर असेल तर ती आधी आवरा आणि घरात कुणी तंबाखू बिडी ओढत असेल आणि तोच पेशंट असेल तर ती बंद, रक्तवाहिन्या आकसतात आणि कातडी धरत नाही, हे वॉर्डात माझ्यासमोर एकाला डॉक्टरांनी फार कडक शब्दांत सांगितलं.

आता मुख्य मुद्दा. तीन आठवड्यांनी जखम बंद झाली, सगळे म्हणाले सुटलीस. मलाही तसंच वाटलं. पण बंद झालेली जखम म्हणजे भरलेली जखम नव्हे हो. तीन आठवड्यांना तिथल्या कातडीची ताकद मूळच्या पाचव्या हिश्श्याएवढी असते, आणि वर्षभरानेही ऐंशी टक्क्यांच्या पुढे जात नाही. आणि आतला धागा विणायचं काम थांबतच नाही, दुसऱ्या महिन्यापासून व्रण लाल व्हायला लागला, दोरीसारखा उचलला, कडक झाला, बोटांच्या बेचक्यांमधून कातडी पुढे पुढे यायला लागली बदकाच्या पायासारखी. अंगठा आणि पहिल्या बोटातलं अंतर कमी झालं, लाटणं धरता येईना. खाज तर अशी की रात्री दोन वाजता उठून मी हात उशीखाली दाबून बसायची. लावलेल्या कातडीला तेलग्रंथी नसतात, ती कोरडी पडते आणि अजून खाजते. ओरबाडायचं नाही, तळव्याने थापटायचं, दिवसातून चार वेळा खोबरेल किंवा साधं पॅराफिनचं क्रीम घेऊन अंगठ्याने गोल गोल दाबून मसाज, आणि रात्रीची खाजेची गोळी डॉक्टरांना विचारून. हे सगळं होतं म्हणून त्या कागदावर "प्रेशर गारमेंट वापरावे" लिहिलेलं होतं.

पहिला ग्लोव्ह मी ऑनलाइन मागवला, साडेसहाशे रुपये, एम साईज. कंपनीचं नाव घेत नाही. आला तो रबरी वासाचा, बोटं लांब, मनगटाला घट्ट आणि पंज्यावर सैल. म्हणजे जिथे दाब हवा तिथे नाही आणि जिथे नको तिथे फास. आणि शिवण आतून! तीन आठवडे मी तो इमानेइतबारे घातला, करंगळीच्या मुळाशी शिवण घासून फोड आला, फुटला, आणि नवी कातडी तेवढी सोलली. महिनाभराची मेहनत गेली आणि परत ड्रेसिंग सुरू. रिटर्न केला तर वापरलेला माल घेत नाही म्हणाले. त्या दिवशी मी खूप रडले, खोटं कशाला सांगू.

मग फिजिओच्या बाईंनी मला मिरजेच्या या दुकानात पाठवलं. दुकान म्हणजे गल्लीत एक गाळा, बोर्डवर फक्त बेल्ट, स्टॉकिंग, कॅलिपर असं लिहिलेलं, पुढे बाकडं आणि आत दोन शिलाई मशीन. मालकांनी नाव टाकू नका म्हणून सांगितलं, दोघंच काम करतात आणि आधीच बरंच वेटिंग आहे. दवाखान्यातल्या फिजिओ विभागात विचारलंत तर पत्ता मिळेल.

माप कसं घेतलं ते मुद्दाम सांगते, तुम्ही दुसरीकडे कुठे गेलात तरी हेच बघा. आधी मालकांनी, म्हणजे काकांनी, साबणाने हात धुतले. मग पांढऱ्या कागदावर माझा हात ठेवून पेन्सिलीने कडेने रेघ मारली, बेचकी कुठे आहे तिथे फुल्या. मग टेप, प्रत्येक बोटाचा घेर मुळाशी आणि टोकाशी वेगळा, बोटांच्या सांध्यावर, तळहाताच्या मध्यावर, मनगटावर, आणि मनगटापासून कोपरापर्यंत दर दीड इंचावर. माझ्या मोजण्यात चोवीस मापं झाली. टेप नुसता टेकवायचा, आवळायचा नाही. मला विचारलं दिवसभर सूज कधी वाढते, कुठे फोड आला होता, कुठला हात स्वयंपाकाचा. त्या फोडाच्या जागी त्यांनी शिवणच घेतली नाही, कापड दुसऱ्या बाजूने वळवलं. कापड अंगच्या रंगाचं, नायलॉन आणि लायक्राचं, दोन्हीकडे ताणणारं. मापापेक्षा साधारण दहापंधरा टक्के लहान कापतात म्हणजे घातल्यावर दाब येतो. शिवणी सगळ्या बाहेरून. करंगळीच्या बाजूला चेन, आत पट्टी, म्हणजे चेन कातडीला लागत नाही. बोटांची टोकं उघडी ठेवली, का विचारलं तर म्हणाले, "ताई, नखं दिसली पाहिजेत. निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर लगेच काढा आणि मला फोन करा, लाज बाळगू नका." आणि बेचक्यांमध्ये छोटे स्पंजचे तुकडे बसवले कारण तिथे नुसत्या कापडाचा दाब पोचत नाही. हे ऑनलाइनवाला कुठून देणार?

किंमत, एक ग्लोव्ह कोपरापर्यंतचा १९०० रुपये, दोन घ्यावे लागतात, एक धुवायला एक घालायला. महाग वाटेल. पण तेवीस तास घालायचा असतो, फक्त अंघोळ, मसाज आणि व्यायामापुरता काढायचा. दोन अडीच महिन्यांनी इलॅस्टिक सैल पडतं आणि नवा शिवावा लागतो, तोपर्यंत हाताची सूजही उतरलेली असते त्यामुळे माप पुन्हा घेतात. मी आतापर्यंत तीन जोड्या केल्या, सगळे मिळून साडेअकरा हजारांच्या आत, दुसऱ्या दोन जोड्यांना त्यांनी स्वतःहून थोडं कमी घेतलं. धुणं कोमट पाण्यात साध्या साबणाने, पिळायचा नाही, टॉवेलमध्ये दाबून सावलीत वाळवायचा. मशीनमध्ये टाकला तर गेला, माझ्या मुलीने एकदा टाकला.

सिलिकॉनची शीट त्यांच्याकडेच मिळाली, तळहाताएवढी, दीड हजारांची. पारदर्शक जेलीची पट्टी असते, एका बाजूने चिकट. ती ग्लोव्हच्या आत, अंगठ्याच्या बेचकीतल्या त्या दोरीवर. पहिल्या दिवशी चार तास, मग वाढवत वाढवत निदान बारा तास. रोज साबणाने धुवायची, चिकटपणा परत येतो, माझी एक शीट दीड महिना गेली. उघड्या जखमेवर लावायची नाही, हे काकांनी तीनदा सांगितलं. मे महिन्यात घामाने खाली पुरळ आलं, चार दिवस बंद ठेवली आणि हात कोरडा करून परत सुरू केली. ट्यूबमधलं सिलिकॉन जेल पण मिळतं, ते चेहऱ्याला किंवा सांध्यावर बरं, पण मला हातावर शीटच जास्त कामाची वाटली.

फरक काय पडला? चौथ्या महिन्याला दोरी मऊ झाली. सहाव्या महिन्यापर्यंत वरच्या भागाचा उंचवटा बोटाने चाचपला तरच कळे. अंगठ्याची बेचकी उघडली. डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं की दाबाने उंची कमी होते, रंगाची खात्री नाही, आणि तसंच झालं, रंग अजून गडद आहे, मांडीवरचा चौकोन तर अजून विटकरी आहे. उन्हात जाताना सनस्क्रीन आणि ओढणी, ऊन लागलं की तो रंग पक्का बसतो. ग्लोव्हचंच सगळं श्रेय असंही मी म्हणणार नाही. रात्री स्प्लिंट होता, मनगट जरा वर आणि बोटं मुळाशी वाकलेली ठेवणारा, आणि दिवसातून पाच वेळा व्यायाम, मूठ आवळ सोड, कपड्यांचे चिमटे दोरीला लाव काढ, मटार सोल, आणि पाचव्या महिन्यापासून कणीक मळ. पहिल्या दिवशी वाटीभर कणीक मळायला मला पंचवीस मिनिटं लागली आणि शेवटी ती ग्लोव्ह काढलेल्या हाताच्या मनगटावरच्या जाळीच्या नक्षीत अडकून बसली, काढत बसले टूथब्रशने हळूहळू. पण मळली.

तक्रारी पण लिहिते. वेळेवर मिळत नाही, आठ दिवस सांगतात आणि बारा लागतात, तोपर्यंत जुना सैल ग्लोव्ह घालून बसावं लागतं, तेव्हा सैल व्हायच्या आधीच माप देऊन या. दुसऱ्या जोडीतल्या एकाची अंगठ्याजवळची शिवण महिन्यात उसवली, लगेच फुकट शिवून दिली पण जयसिंगपूरहून हेलपाटा पडला. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, विम्याला लागतं, आठवणीने मागा. बसायला जागा नाही, गाळ्याला दोन पायऱ्या आहेत, पाय भाजलेल्या पेशंटला अवघड. बायकांचं छाती पोटाचं माप काकू घेतात, पडद्यामागे, पण त्या फक्त मंगळवार आणि शुक्रवारी असतात, फोन करून जा. एकूण माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो वेटिंगसाठी.

आणि हो, यातलं काहीही सुरू करायच्या आधी तुमच्या सर्जनला दाखवा, जखम पूर्ण बंद झाली का ते त्यांनी बघितलं पाहिजे. लाली आणि गरमपणा वाढत चालला, ड्रेसिंग हिरवट झालं, वास आला, ताप आला तर ग्लोव्हबिव्ह सोडा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा, माझ्या शेजारच्या कॉटवरच्या त्याच मावशींनी दोन दिवस वाट बघितली आणि त्यांना परत ऑपरेशन लागलं.

मापाला सकाळी लवकर जा, संध्याकाळपर्यंत हात सुजतो आणि ग्लोव्ह सैल होतो. जुना ग्लोव्ह, स्प्लिंट आणि डिस्चार्जचा कागद बरोबर न्या. सोमवारी दुकान बंद असतं. माझं पुढचं माप या गुरुवारी आहे, डॉक्टर म्हणालेत की बहुतेक ही शेवटची जोडी. ज्यांना काही विचारायचंय त्यांनी खाली विचारा, मी रात्री फराळाचं आवरलं की उत्तर देते.